जैन मेनू मिळाला, पण जेवणाच्या वेळेचं काय?



फेब्रुवारीतल्या आपल्या चायनीज जेवणाचे फोटो ग्रुपवर सगळ्यांनी पाहिलेत. बांबूच्या टोपल्या, वाफ, उलट्या धरलेल्या काड्या, हसून लाल झालेले चेहरे. एक फोटो मात्र मी टाकलेला नाही. त्यात चौदा जणींचं अख्खं टेबल आलंय आणि अगदी टोकाला आमच्या आक्का, म्हणजे माझ्या चुलत सासूबाई, बसल्या आहेत. सगळ्यांत छान हसू त्यांचंच. त्यांच्यासमोरची ताटली कोरी आहे. कापडी रुमाल घडी करून ठेवला होता तसाच. समोरच्या ग्लासात पाणीसुद्धा नाही.

हे माझ्या लक्षात आलं दुसऱ्या दिवशी सकाळी, फोटो मोठा करून बघताना. टेबलावर अडीच तास मी त्यांच्यापासून चार खुर्च्यांवर बसले होते.

आज जे लिहितेय ते कुणाला बोल लावायला नाही. लावायचाच तर मला लावा, कारण सगळी व्यवस्था माझ्याकडे होती.

बेत कसा ठरला ते आधी सांगते. आपलं दापोडे तुम्हाला माहीतच आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गोदामं, मधून कंटेनर, आणि संध्याकाळी मालकमंडळी घरी येईपर्यंत आपण बायका एकमेकींच्या आधाराने. जकात होती त्या काळात मुंबईच्या हद्दीबाहेर माल ठेवायला म्हणून ही गोदामं वाढली. २०१७ मध्ये जीएसटी आला, जकात गेली, गोदामं राहिली, आणि त्यांच्यामागून आलेली आपली घरंही राहिली. सांगली-कोल्हापूरकडची आम्ही चार-पाच घरं, बाकी मारवाडी, गुजराती, कच्छी बहिणी. मंडळाची सहल म्हणजे एकदा कुंभोज-बाहुबली, नाहीतर जवळचं एखादं मंदिर आणि येताना थाळी. यंदा सुनांनी जोर केला. "काकू, दर वेळी तेच पनीर. एकदा तरी खरं चायनीज खाऊ या."

खरं चायनीज! आपल्याकडचं चायनीज म्हणजे नाक्यावरची लाल गाडी आणि कोबीचं मंचुरियन. मंचुरियन हा पदार्थच मुळी मुंबईचा. कोलकात्याहून आलेल्या नेल्सन वँग यांनी १९७५ च्या सुमारास क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या स्वयंपाकघरात तो पहिल्यांदा केला असं सांगतात. चीनमध्ये जाऊन मागितलंत तर कुणी ओळखणार नाही. सुनांना हवं होतं ते कँटोनीज, म्हणजे चीनच्या दक्षिणेकडच्या ग्वांगडाँग प्रांतातलं. तिथे मसाल्याचा मारा नाही. वाफवायचं, पटकन परतायचं आणि जिनसाची मूळ चव राखायची. त्याचं नवं, दिमाखदार रूप लंडनमध्ये गाजलं. हाँगकाँगमध्ये जन्मलेल्या ॲलन याव यांनी तिथे २००१ साली हक्कासान काढलं, २००४ साली याउआचा. आणि याउआचा २०११ मध्ये आपल्या वांद्रे-कुर्ला संकुलात आलं. तेव्हापासून मुंबईत अशी बरीच झाली. आम्ही गेलो ते त्यांतलं कुठलं ते सांगत नाही. त्यांची काही चूक नाही आणि मला त्यांची जाहिरातही करायची नाही.

मी फोन केला. पहिला प्रश्न, जो आपण सगळ्याच विचारतो: "जैन मिळेल का?" पलीकडून लगेच उत्तर, "हो मॅडम, वेगळा जैन मेनू आहे." मी खूष. रात्री आठचं टेबल ठरवलं आणि ग्रुपवर लिहिलं, 'जैन मेनू आहे, काळजी नसावी.' चौदा अंगठे वर आले. त्यांत आक्कांचाही होता.

आता इथेच थांबून मला विचारायचंय. 'जैन' या शब्दाचा अर्थ आपण हॉटेलवाल्यांकडून कधीपासून शिकायला लागलो? त्यांच्या लेखी जैन म्हणजे कांदा, लसूण, बटाटा वगळलेलं जेवण. तीन वस्तू काढल्या की झालो आपण जैन. त्यांचा दोष नाही, ते धंदा करतात आणि आपल्यासाठी एवढं तरी करतात. पण हळूहळू आपणही तसंच मानायला लागलो. रत्नकरंड श्रावकाचारात फळ थोडं आणि घात फार अशा वस्तू सोडायला सांगितल्यात, तिथे मुळा आणि ओलं आलं यांची नावं आहेत. बटाट्याचं नाव नाही, कारण बटाटा तेव्हा या देशात नव्हताच. तो पोर्तुगीजांबरोबर समुद्रापलीकडून आला. नियम भाजीच्या नावाचा नव्हता, घात किती होतो त्याच्या हिशेबाचा होता. आणि त्याच ग्रंथात श्रावकाच्या अकरा प्रतिमा सांगितल्यात, त्यांतली सहावी रात्रिभुक्तीच्या त्यागाची. आपल्या आज्या प्रतिमाधारी नव्हत्या, पण दिवेलागणीला चूल विझलेली असे. काय खायचं याच्याइतकंच कधी खायचं हेही आपलंच आहे. ते कुठल्याच मेनूकार्डावर छापलेलं नसतं, म्हणून आपणही विचारत नाही. मीही विचारलं नाही.

मी स्वतः चातुर्मासात रात्री जेवत नाही, एरवी जेवते. खोटं कशाला सांगू. आक्कांचं बारा महिने चौविहार आहे, सूर्यास्तानंतर पाणीही नाही, आणि हे आमच्या घरात लहान मुलांनाही ठाऊक आहे. म्हणजे मला माहीत नव्हतं असं नाही. माझ्या डोक्यात आलं नाही. दोन्हींतला फरक त्या फोटोने मला चांगला शिकवला.

आक्कांनी त्यांच्या परीने सोय केली होती. डब्यात दोन दशम्या आणि सुकी मुगाची उसळ. साडेपाचला ठाण्याच्या आसपास पोहोचू, गाडीतच खाऊन घेऊ, मग वर जाऊन सगळ्यांबरोबर बसू. पण निघायलाच पाच वाजले, कारण दोघींचं आवरत नव्हतं. (त्यांतली एक मी.) मानकोली नाक्यावर कंटेनर आडवे, म्हणून ड्रायव्हरने अंजूरफाट्याकडून काल्हेर-कशेळीचा रस्ता धरला, तिथे मेट्रोच्या कामाने आणखी खोळंबा. कशेळीच्या खाडीपुलावर आम्ही अडकलो तेव्हा सूर्य पाण्यावर टेकला होता. सगळ्यांनी फोटो काढले. आक्कांचा डबा मागे डिकीत होता. बसायला ऐसपैस जागा व्हावी म्हणून सगळ्या पिशव्या मागे टाकायला निघताना मीच सांगितलं होतं.

त्या बोलल्या असत्या तर गाडी दोन मिनिटं बाजूला घेता आली असती. त्या बोलल्या नाहीत. फेब्रुवारीत सूर्यास्त साडेसहाच्या थोडा पुढे. आम्ही पुलावरून सुटलो तेव्हा अंधारलं होतं.

हॉटेलात गेल्यावर तर मंडळी हरखूनच गेली. मंद दिवे, लाकडी जाळ्या, माणशी अडीच-तीन हजारांचा हिशेब. तेवढ्यात आपल्याकडे पंचवीस माणसांचं वरण-भात-पोळी होतं, हे मनात आलंच. बाई घरखर्चाची सवय कुठे ठेवून जाणार? पण तिथली चव खोटी नव्हती. आपल्यातल्या काहीजणी शेजवानच्या आशेने आल्या होत्या, त्यांना सगळं फिकं वाटलं. मला ते वाफवलेलं फार आवडलं. पारदर्शक पारी, आत हिरव्या सोयाबीनचं मऊ सारण, आपल्या नागपंचमीच्या दिंडांची कुणी दूरची बहीण असावी तसं.

आणि इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. आमच्या पलीकडच्या घरची धाकटी सून, एका गोदामात बिलिंगचं काम करते, बाहेर कधी कांदा घातलेलं खाते हे सगळ्यांना माहीत आहे आणि तिच्या पाठीमागे त्यावर बोललंही जातं. तीच पोरगी त्या वाढप्यासमोर वही उघडून बसली. सॉसमध्ये ऑयस्टर आहे का? ऑयस्टर म्हणजे कालवं, शिंपल्यातला जीव. त्याचा सॉस १८८८ साली ग्वांगडाँगमध्येच ली कुम शेउंग यांनी पहिल्यांदा केला आणि आज कँटोनीज परतलेल्या भाजीत तो आपल्या फोडणीच्या हिंगासारखा पडतो. दिसत नाही, कळत नाही. सूपचं पाणी कशाचं? पारीत अंडं आहे का? सारणात ट्रफल लिहिलंय, म्हणजे काय? तर ती जमिनीखाली वाढणारी बुरशी निघाली, म्हणजे अळंब्यांचीच जात. पारी गव्हाच्या सत्वाची, पण त्यात टॅपिओका, म्हणजे ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो त्याचं पीठ. आणि आलं? वाढपी म्हणाला, "जैनमध्ये आलं चालतं ना?" टेबलावरच दोन पक्ष पडले. शेवटी ती म्हणाली, "ज्यांना चालत नाही त्यांच्यासाठी वेगळं करा." मग तिने विचारलं, टोपल्या एकावर एक रचून वाफवता तेव्हा खाली मांसाची आणि वर आमची असं होतं का? कारण वाफ खालच्या टोपलीतूनच वर येते. तो आत जाऊन विचारून आला. शाकाहारी टोपल्यांची चूल वेगळी, कढया मात्र त्याच, धुऊन घेतात. खरं सांगितलं त्याने, मला बरं वाटलं.

या सगळ्या वेळात आपल्या तिघी-चौघी तिला कोपर मारत होत्या, "पुरे गं, किती विचारतेस, लोक बघतायत." मी मारलं नाही, पण मलाही थोडं संकोचल्यासारखं झालं, हे कबूल करते. आता वाटतं, तेव्हा लाज तिची वाटायला नको होती. फोनवर एकच प्रश्न विचारून मोकळ्या झालेल्या बाईची वाटायला हवी होती.

मग आला नकली बदकाचा प्रश्न. गव्हाच्या चिकट भागापासून केलेला पदार्थ. कापाही तसाच, रंगही तसाच. वाढप्याने कौतुकाने सुचवला, "एकदम शाकाहारी, पण चव अगदी डकसारखी." दोघी म्हणाल्या मागवू या, गंमत. मी नको म्हटलं. जीव त्यात नाही हे मलाही कळतं. पण यशोधर राजाची कथा आपण लहानपणापासून ऐकलीय. आईच्या आग्रहाखातर त्याने देवीपुढे पिठाचा कोंबडा कापला, खरा नव्हे, पिठाचा. आणि त्या एका संकल्पापायी मायलेकरांना जन्मोजन्म पशुयोनीत भटकावं लागलं. सोमदेवसूरींनी दहाव्या शतकात यशस्तिलकात ती सांगितली, कन्नडमध्ये जन्न कवीने १२०९ साली. हजार वर्षं आपले लोक ही गोष्ट सांगत आले ते उगीच नाही. समोरचा गोळा गव्हाचा असेल, पण त्याला बदक म्हणून चावणारं मन कशाचं असतं? यावर एकमत होणार नाही, मला माहीत आहे. मागवलं नाही एवढंच.

गंमत म्हणजे कांदा-लसूण वर्ज्य करणारे त्या देशातही आहेत. चिनी बौद्ध विहारांत पाच उग्र वस्तू चालत नाहीत, लसूण, कांदा आणि त्यांची भावंडं. काही याद्यांत तर पाचवा हिंग आहे! आपण कांद्याऐवजी हिंग घालतो आणि ते हिंगही सोडतात. वर्षाच्या पहिल्या दिवशी कँटोनीज घरांत भाज्यांचा एक निरामिष पदार्थ करतात, लो हान जाई. लो हान म्हणजे अर्हत. संस्कृत शब्दच चिनी तोंडात जाऊन तसा झाला. त्यांचा अर्हत आणि आपण रोज पहाटे ज्यांना नमन करतो ते अरिहंत यांत सिद्धांताचा फरक मोठा आहे, शब्दाचं मूळ मात्र एकच. तो पदार्थ कार्डावर होता. मी आनंदाने मागवायला निघाले, तर त्यात तीन प्रकारची अळंबी. म्हटलं, राहू दे.

तर असं सगळं बोलत, हसत, वाद घालत जेवण झालं. सव्वादहाला उठलो. साडेअकराला दापोड्यात. आक्का गाडीतून उतरताना म्हणाल्या, "छान झाली हो ट्रिप." डिकीतून त्यांचा डबा मी काढून दिला तेव्हा तो जड लागला होता. तेव्हाही मला काही सुचलं नाही. सकाळी अकराला जेवलेली बहात्तर वर्षांची बाई दुसऱ्या दिवशी सूर्योदयानंतर दोन घटका उलटून गेल्यावर पाणी प्यायली.

फोटो पाहून मी त्यांच्याकडे गेले. म्हटलं, आक्का, का नाही बोललात? त्या म्हणाल्या, "माझ्या एकटीच्या नियमापायी तेराजणींचा बेत कशाला मोडायचा? नियम माझा, मी सांभाळला." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "घरी एकटीने बसण्यापेक्षा तुमच्यात उपाशी बसलेलं बरं वाटतं." या दुसऱ्या वाक्याचं मी काय करू, ते मला कळेना.

मैत्रिणींनो, मला दोन्ही बाजूंची बोलणी माहीत आहेत. ग्रुपवर एकीने लिहिलंच, ज्यांना चौविहार आहे त्यांनी रात्रीच्या ट्रिपला येऊच नये. दुसरीने लिहिलं, ज्यांना रात्री खायचं आहे त्यांनी मंडळाच्या नावाने जाऊ नये. दोघींचंही मला पटत नाही. पहिलीचं ऐकलं तर साठीच्या पुढच्या साऱ्या बायका घरी, आणि मंडळ नुसतं सुनांचं. दुसरीचं ऐकलं तर सुना येणार नाहीत, आणि आलेली सून वही उघडून बसणार नाही. नियम पाळणारी गप्प बसते, न पाळणारीला वाटतं आपल्यालाच टोचतायत, आणि मध्ये माझ्यासारखी व्यवस्था बघणारी 'जैन मेनू आहे' म्हणून निर्धास्त. त्या दिवशी कुणी कुणाला काही बोललं नाही, म्हणूनच तसं झालं.

आणि आता मला खरोखर राग आलाय तो वेगळ्याच गोष्टीचा. हे कँटोनीज जेवण रात्रीचं आहेच कुठे? त्यांच्या गावी या टोपल्या खातात सकाळपासून दुपारपर्यंत. याम चा म्हणतात त्याला, शब्दशः चहा पिणं. ग्वांगझौच्या चहाघरांत म्हातारी माणसं सकाळी वर्तमानपत्र घेऊन बसतात, चहाबरोबर दोन-दोन घास खातात, नातवंडं येतात, तास-दोन तास जातात. रात्री आठचं टेबल ही आपली हौस, शहरातल्या बड्या लोकांची नक्कल. आम्ही दुपारी गेलो असतो तर त्यांच्याही रीतीला धरून झालं असतं आणि आपल्याही.

"दिवसा वेळ कुणाला आहे, काकू?" हे सुनांचं म्हणणं रास्त आहे. त्यांच्या नोकऱ्या सहापर्यंत, बऱ्याच घरांत स्वयंपाक दोन वेळचा. म्हणून मी रविवार म्हणते. रविवारी गोदामांचे शटर निम्मे बंद, मानकोलीला त्यातल्या त्यात मोकळं. दहाला निघायचं, बाराला टेबल, चारला परत. घरच्या पुरुषांनी एक दिवस वरण-भात लावून घ्यावा. येत नसेल तर कुकरच्या तीन शिट्ट्या मी फोनवरून मोजून देईन.

एप्रिलमधला दुसरा रविवार ठरवलाय. या वेळी फोन मी नाही, वहीवाली सून करणार आहे. तिने विचारायच्या प्रश्नांची पानभर यादी केलीय आणि सगळ्यांत वर लिहिलंय, दुपारी किती वाजता सुरू करता? आल्याचं उत्तर आधीच मागवलंय. गाडीत पिशव्या ज्याच्या त्याच्या मांडीवर.

काल आक्कांना सांगायला गेले तर त्या डाळ निवडत होत्या. ऐकून घेतलं, हो-नाही काही बोलल्या नाहीत. मी निघाले तशी मागून हाक आली, "अगं, त्या काड्यांनी भात कसा उचलतात? इथे दोन आणून दे मला आधी."